खालूंचं अमेरिकेशी भांडण

रागावण्यासाठी माणसाला समोर जिवंत माणूस लागतो, हा माझा समज आमच्या खालूंनी पार मोडून काढला. त्यांचा निम्म्याहून अधिक राग सव्वातीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या, सात समुद्रांपलीकडच्या लोकांवर खर्च होत असे. उरलेला राग कुवेतमध्ये आम्हा सगळ्यांच्या वाट्याला यायचा, तोही काही थोडाथोडका नव्हता.

ते माझ्या बायकोचे खालू, म्हणजे मावशीचे यजमान. म्हणून माझेही खालू, आणि हळूहळू रत्नागिरीकडून कुवेतला आलेल्या सगळ्यांचेच खालू झाले. तरुणपणी बोटीवर खलाशी होते, तिथेच इंग्रजी शिकले. पुढे शुऐब्याच्या नव्या बंदराचं काम निघालं तेव्हा एका परदेशी कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागले. मी त्याच कंपनीत टायपिस्ट. सकाळी खालू एका म्हाताऱ्या अमेरिकन सर्व्हेअर साहेबाला शुऐब्याला नेत आणि मागच्या सीटवर फाइलींच्या गठ्ठ्याशेजारी मी बसलेला असे. बाहेर बघायला वाळूशिवाय काही नाही. साहेब बोलका होता, आणि त्याला बोलायला एकच विषय होता, तो म्हणजे त्याचं गाव. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचं बेट आहे, तिथला तो. त्या बेटावर पहिली वस्ती कशी झाली हे तो रोज थोडं थोडं सांगायचा, आणि खालू रोज थोडे थोडे भडकायचे.

धर्माच्या वादावरून बॉस्टनकडच्या लोकांनी काही कुटुंबं हाकलून दिली, ती या बेटावर आली, इथपर्यंत खालू त्यांच्या बाजूने होते. "नमाज कसा पडायचा ता दुसऱ्यानं कशाला सांगायचा?" म्हणून त्यांनी बॉस्टनवाल्यांवर भर रस्त्यात हॉर्न वाजवला. पण बेट तिथल्या मूळ रहिवाशांकडून पांढऱ्या मण्यांच्या माळा, कोट आणि कुदळी देऊन घेतलं हे ऐकल्यावर त्यांनी गाडीच थांबवली. मागे वळून मला म्हणाले, "ऐकलंस? बेट घेतलान नि कुदळ दिलान! खणायला जागा ठेवलान काय त्येंना?" साहेबाने ती खरेदी काही आपण केलेली नव्हे असं परोपरीने सांगितलं. खालूंनी दिवसभर त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

त्याहून मोठा स्फोट पुढे व्हायचा होता. बेटाच्या उत्तर टोकाला वस्ती झाली, आणि एका पुढाऱ्याला त्यांनी प्रमुख नेमलं. त्याला तिथे जज्ज म्हणत. हा जज्ज आपल्याच मताने कारभार करतो अशी कुरकुर सुरू झाली. लोकांनी त्याच्या हाताशी आणखी तिघे वडीलधारे दिले, तरी भागलं नाही आणि शेवटी लोकांनी दुसराच प्रमुख निवडला. जज्ज संतापला. आपल्या बाजूची माणसं घेऊन बेटाच्या दक्षिण टोकाला गेला, आणि जाताना वस्तीचं दफ्तर, म्हणजे कारभाराची सगळी कागदपत्रं, उचलून घेऊन गेला. "दफ्तर नेलान?" खालू ओरडले. "सगळ्यांचा दफ्तर? ह्याच्या बापाचा होता काय?" साहेब पुढचं सांगणार तोच शुऐबा आलं, आणि त्याच आठवड्यात कंपनीने साहेबाला इराणला पाठवून दिलं. गोष्ट तिथेच तुटली.

त्या दिवसापासून खालूंच्या आयुष्यात जज्ज राहायला आला. मासळी पळवणाऱ्या मांजराचं नाव जज्जसाहेब पडलं. बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, माणसाने कुजका कांदा दिला की तो जज्जाचा भाऊ ठरायचा. कुठलाही अमेरिकन दिसला की खालू त्याला गाठून विचारायचे, दफ्तराचं पुढे काय झालं? टेक्सासच्या एका बिचाऱ्या वेल्डरने अशी काही वस्ती आपण ऐकलीसुद्धा नाही म्हटल्यावर खालूंनी त्याची अशी हजेरी घेतली की तो आमच्या मेसकडे फिरकेनासा झाला. "आपल्या मुलखात काय झाला ता ठाऊक नाय, नि लोकाच्या मुलखात तेल काढायला येतात!" असं ते आठवडाभर म्हणत होते.

आता हे सगळं ऐकताना आमची काय अवस्था होत असेल ते सांगितलं पाहिजे. कारण जज्जाचं सगळं चरित्र खालूंनी स्वतः, अगदी तंतोतंत, आधीच करून दाखवलं होतं. कुवेत शहरात बनेद अल-गारला समुद्राजवळच्या एका जुन्या अरबी घरात आमच्या गावच्या माणसांची एकच मेस होती. खालू तिचे कारभारी. शेजारच्या अरबाने वासाबद्दल तक्रार केली, एवढ्यावरून कुणालाही न विचारता खालूंनी फर्मान काढलं की मेसमध्ये सुके बोंबील भाजायचे नाहीत. कोकणातल्या माणसाला परमुलखात सुक्या बोंबलाची बंदी! सगळी मेस उठली. खालूंचे सख्खे धाकटे भाऊ, ज्यांना मी चाचा म्हणतो, ते एवढंच म्हणाले, "दादा, ह्यापुढं आपण तिघाचौघांनी मिळून ठरवू या." झालं. दुसऱ्या शुक्रवारी खालू माझ्यासह चारपाच माणसं घेऊन दक्षिणेला, शुऐब्याच्या बाजूला राहायला गेले. आणि जाताना गावाहून बोटीने आणलेली, सगळ्यांच्या वर्गणीची तांब्याची मोठी देग उचलून घेऊन गेले. घाईत झाकण राहिलं. तेव्हापासून खालूंकडे उघड्या देगीवर पत्रा टाकून बिर्याणी शिजत होती आणि चाचांकडे झाकण उलटं घालून भाकऱ्या भाजत होते, आणि दोन सख्खे भाऊ एकाच मशिदीत दोन टोकांना उभे राहत होते.

या प्रकाराची मला मनस्वी चीड यायची, आजही येते. गावात या दोघांच्या बायका एका चुलीवर रांधत होत्या, एका विहिरीचं पाणी भरत होत्या, आणि इथे हे दोन म्हातारे बोंबलावरून एकमेकांना मेल्यात जमा धरत होते. पोटासाठी समुद्र ओलांडायचा, आणि ओलांडून काय करायचं, तर वेगळं पातेलं मांडायचं! एकदा मला राहवलं नाही. खालू जज्जावर नेहमीचे कोरडे ओढत होते, तेव्हा मी म्हणालो, "खालू, अहो तो जज्ज म्हणजे तुम्हीच की!" त्यांनी माझ्याकडे इतक्या निर्मळ आश्चर्याने पाहिलं की मलाच लाज वाटली. "मी?" ते म्हणाले. "मी दफ्तर नेला काय? मी देग नेली. दफ्तर काय शिजवून खातात?" वर पंधरा दिवस मला गाडीत पुढे बसू दिलं नाही. मी एरवीही मागेच बसत होतो, पण ती शिक्षा आहे हे त्यांनी मला बजावून सांगितलं.

मग तो म्हातारा साहेब परत आला. खालूंनी त्याची बॅग हातात घेण्याआधी विचारलं, "साहेब, मग काय झाला?" साहेबाला आठवायला थोडा वेळ लागला. म्हणाला, अरे, वर्षभरात एक झाले की ते. उत्तरेला राहिलेले लोक आपण होऊन दक्षिणेला आले, आम्हाला पुन्हा तुमच्यात घ्या म्हणाले, आणि त्यांनी आनंदाने घेतलं. त्या जज्जालाच मग सगळ्यांचा गव्हर्नर केलं.

खालूंचा जज्जावरचा राग त्या क्षणी उतरला. मांजराचं नाव काढून घेण्यात आलं. "माणूस शहाणा होता," ते सांगू लागले. "गप बसला. राहिले होते तेच आले काय नाय?" आणि मग दर शुक्रवारी देगीत चार माणसांचं जास्त शिजू लागलं. खालू पांढरा सदरा घालून दाराशी बसत, रस्त्यावर गाडी वाजली की दुसरीकडे बघत. चाचा येत नसत. अन्न उरे, आणि खालू उरलेल्या अन्नावरून आचाऱ्याला फाडून खात. मी तणतणत बनेद अल-गारला जाऊन चाचांना गाठलं, तर ते त्यांच्याच भावाचे भाऊ. "मी हाकलला काय त्याला?" म्हणाले. "गेला तो येल." आणि मला जेवायला बसवलं, सुके बोंबील वाढले. मी रागाने दोन जास्त खाल्ले.

असंच चाललं असतं. पण चाचांचे गुडघे गेले, आणि त्यांनी कायमचं गावी जायचं ठरवलं. खालूंना कुणी कळवलं नाही, मी कळवलं. बोटीच्या दिवशी सकाळी बनेद अल-गारला कंपनीची गाडी येऊन उभी राहिली. खालू उतरले, चाचांची ट्रंक आणि वळकटी उचलून मागे माझ्या मांडीवर जवळजवळ आदळली, आणि पुढचं दार उघडून धरलं. चाचा क्षणभर उभे राहिले, मग गुडघे सांभाळत बसले.

समुद्राकाठचा रस्ता लागला. मग खालू एकदम म्हणाले, "ऐक. अमेरिकेत एक बेट हाय." आणि बॉस्टनपासून सुरुवात केली. चाचांनी ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. अबोला तिच्याआधीचा होता. कोट आणि कुदळीपाशी दोघेही संतापले. जज्ज दफ्तर घेऊन निघाला तसे चाचा उसळून म्हणाले, "दफ्तर नेलान? हरामखोर!"

"हरामखोर नाय," खालू चाचरत म्हणाले. "रागीट होता."

"मग काय झाला?"

"मग काय. वरीस झाला नाय, तवर परत आला."

"कोण?"

"गेला होता तो. जज्ज. सोताच्या पायानी आला."

मी मागून काही बोलणार होतो. नाही बोललो. सगळ्या जगाला इतिहासावरून झाडणारा हा माणूस माझ्यासमोर धडधडीत खोटा इतिहास सांगत होता, आणि माझे डोळे भरून आले होते.

"त्येंनी घेतला आत?" चाचांनी विचारलं.

"घेतला."

चाचांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "बरा केलान. पण लय उशीर केलान, दादा."

खालूंनी मान हलवली. मला दोघांचाही राग आला, इतका की कुणाच्या तरी अंगावर ती ट्रंक फेकावीशी वाटली. एवढं सोपं होतं, तर मधली वर्षं कुणी खाल्ली? बंदराचं फाटक आलं. खालूंनी गाडी थांबवली नाही. तशीच वळवून पुन्हा समुद्राकाठच्या रस्त्याला घेतली. चाचांनी कारण विचारलं नाही, मीही विचारलं नाही. बोटीला अजून थोडा वेळ होता.