ब्रॅकल्सबी साहेबाचा पणतू

हडपसरच्या सोसायटीत एका दारावर 'ब्रॅकल्सबी' अशी पितळी पाटी आहे, आणि आत राहतात उत्तरेश्वरराव, तुमच्याआमच्यासारखेच काळेसावळे. कुणी आडनावाला हसलं की म्हातारा भडकलाच. "आमचे आजोबा लष्करातल्या ब्रॅकल्सबी साहेबाच्या पोटचे. इंग्रजी रक्त आहे म्हटलं!"

त्या मेल्या रक्तापायी लेकीचं, श्रद्धाचं, वाटोळं झालं. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर बसणाऱ्या शंभूवर तिचा जीव होता. तो रीतसर मागणी घालायला आला, तर बापाने दारातच विचारलं, "घरी आरसा आहे ना?" पुढची स्थळंही तोलामोलाची नाहीत म्हणून वाटेला लावली. शंभूची पोरं आता शाळेत जातात. श्रद्धा चाळिशीला टेकली. आयटी कंपनीत राबते आणि घरी बापाची पथ्यं सांभाळते.

यंदा इंग्लंडहून जोनबाई आल्या. साहेबाच्याच घराण्यातल्या, आडनाव तेच, आणि जगभरचे ब्रॅकल्सबी शोधायचा नाद. बाईंची आणि म्हाताऱ्याची थुंकी आधीच डीएनए तपासणीला गेली होती, बाई निकाल घेऊनच आल्या. उत्तरेश्वररावांनी टाय काय बांधला, पोहे काय करवले! बाईंचं इंग्रजी मराठीत सांगायचं काम श्रद्धाकडे.

"बाबा, ब्रॅकल्सबी हे त्यांच्याकडचं खेडं. गाव सोडून गेलेल्यांना त्याच नावाने ओळखायचे. आपल्याकडे हडपसरकर म्हणतात, तसंच."

"ते असू दे. साहेबांचं काय?"

बाई अवघडून बोलल्या. श्रद्धाने मात्र ते अगदी चवीने सांगितलं. "साहेबाशी आपलं काही नातं निघत नाही. बंगल्यावरच्या नोकरांना तेव्हा साहेबाच्याच नावाने हाक मारायचे. त्यांच्याकडे फोटो आहे, खाली नावासकट. साहेब घोड्यावर, आणि लगाम धरून तुमचे आजोबा. घोड्याला खरारा करायचे ते."

 श्रद्धाला आता राहवेना.

"मग शंभूला कशाला हाकललंत हो? सांगा ना! कुठल्या रक्तासाठी?"

उत्तरेश्वररावांनी टायची गाठ नीट केली. "रक्त नसेल, नाव तर आहे ना? आणि तू गेली असतीस, तर माझं कोणी केलं असतं?"

 जोनबाईंनी विचारलं, काय म्हणतायत ते?

"विचार त्यांना, चहात साखर किती," बाप म्हणाला.

श्रद्धाने विचारलं, आणि चहा टाकायला आत गेली.