गालाची साक्ष

दाढी करण्याचा पगार मिळतो, असं सांगितलं की लोक हसतात. गालपंडितांवर पहिले हसले ते खुद्द त्यांचे सासरेबुवा.

"म्हणजे जावईबापू, कामावर जाऊन तुम्ही नेमकं करता काय?"

"डाव्या गालाची दाढी."

"आणि मग?"

"मग उजव्या गालाची."

सासरेबुवांना ठसका लागला. पण काम चेष्टेचं नव्हतं. रेझरच्या कारखान्यात तळमजल्यावर आठ बेसिनं आणि आठ आरसे होते. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला आठ माणसं वाढलेले खुंट घेऊन तिथे हजर व्हायची. डाव्या गालावर चाचणीचं ब्लेड, उजव्यावर कोरं. मग कागदावर लिहायचं, ओढलं का, जळजळलं का आणि नेमकं कुठे. बाकीचे सात जण दोन-चार वर्षांत कंटाळून जायचे, नवे यायचे. जावईबापू मात्र सव्वीस वर्षं तिसऱ्या बेसिनपाशी उभे राहिले. बाराव्या दाढीचं ब्लेड कोणतं आणि चौदाव्या दाढीचं कोणतं, हे ते डोळे मिटून सांगत. म्हणून सगळे त्यांना गालपंडित म्हणत. चेष्टेतच म्हणत, पण अडलं की त्यांच्याकडेच येत.

पाकिटाच्या मागे छापलेली सूचनाही त्यांचीच. 'हनुवटीखाली हात आपोआप दुसऱ्यांदा फिरला, की ब्लेड संपलं असं समजा.' इतकं साधं, इतकं खरं वाक्य त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं. कंपनीनं त्यांचं नाव कुठे छापलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. बायकोला मात्र दुकानात प्रत्येक वेळी पाकीट उलटं करून दाखवायचे. तीही बिचारी प्रत्येक वेळी वाचल्यासारखं करायची.

मग वरच्या मजल्यावरून मॅडम आल्या. तरुण, हुशार, बोलायला साखर.

"काका, लोकांना कळतच नाही हो ब्लेड कधी संपलं ते. म्हणून रेझरवर ही निळी पट्टी बसवतोय. पांढरी पडली की बदलायचं."

"छान आहे," ते मनापासून म्हणाले. त्यांच्या थोरल्या भावाची एक बाजू लुळी पडली होती. गालाला काही कळायचं नाही, बोथट ब्लेडनं खरवडून घ्यायचा. अशा माणसाला पट्टीचा आधारच होता. "कितव्या दाढीला पांढरी पडणार?"

"सहाव्या."

"पण हे ब्लेड चौदा दाढ्या निभावतं, मॅडम. मीच लिहून दिलंय."

मॅडम गोड हसल्या आणि त्यांनी कागद पुढे केला. 'सहाव्या दाढीपासून ओढ जाणवते.' खाली सर्वांत जुन्या परीक्षकाच्या सहीची जागा मोकळी होती. सहा दाढ्यांत ब्लेड फेकलं, तर कुणाचं पोट भरतं हे सांगायला पंडित कशाला हवा?

"माझा गाल सहाव्याला काही म्हणत नाही," ते म्हणाले. "मग मी कसं म्हणू?"

अशा माणसाला कंपन्या काढून टाकत नाहीत. त्याला समजावतात.

सोमवारी मॅडम स्वतः खाली आल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या पट्टीचा रेझर होता. "काका, एवढं जरा बघता?"

त्यांनी फेस लावला. गालावरून ब्लेड गेलं, जबड्याची कड उतरलं, हनुवटीखाली पोचलं. तिथे हात थांबला आणि दुसऱ्यांदा फिरला. ते चपापले. गप्प बसता आलं असतं. दुसरा कुणी असता तर बसलाही असता. पण सव्वीस वर्षांत जे जाणवलं तेच सांगितलं होतं.

"ओढतंय, मॅडम."

"नक्की?"

"नक्की. हात दोनदा गेला."

"काका, हे ब्लेड आत्ता तुमच्यासमोर येण्याआधी पाकिटातून काढलंय. एकही दाढी झालेली नाही. फक्त पट्टी तेवढी औषधात बुडवून पांढरी केली."

मग कोपऱ्यातल्या बेसिनवरून कुणीतरी ओरडलं, "पंडित नापास!" आणि सातही आरशांतले फेसाळलेले चेहरे हसले.

"मग खोटं तर पट्टी बोलली," ते कसेबसे म्हणाले.

"पण गालानं ऐकलं ना तिचं? तुमच्यासारख्या माणसाच्या गालानं ऐकलं. लोकांचाही ऐकेल. मग सहाव्या दाढीला ओढ जाणवते, यात खोटं काय राहिलं?"

याला उत्तर होतं. नक्की होतं. पण अर्ध्या तोंडाला फेस असताना माणसाला भांडता येत नाही. त्यांनी ओल्या हातानं सही केली. मॅडमनी आभार मानले आणि तो रेझर त्यांच्याच हातात ठेवला. "राहू द्या तुम्हाला. कोराच आहे."

सुट्टीच्या दिवशी घरी दाढी करायची नाही, हा कारखान्याचा नियम त्यांनी त्या रविवारी पहिल्यांदा मोडला. न्हाणीघराची कडी लावली. कढत पाण्यानं चेहरा शेकला, भरपूर फेस केला, डोळे घट्ट मिटले. ब्लेड नवं आहे, नवं आहे, असं मनाला दहा वेळा बजावलं आणि गालाला लावलं.

ओढलं.

उजवा गाल करून पाहिला. तोही ओढला. लाजेनं, संतापानं त्यांना हुंदका फुटला. बेसिनच्या कडा धरून ते तसेच उभे राहिले.

"अहो, किती वेळ?" बायकोनं दार वाजवलं. "आणि रडताय की काय? कापलं का कुठे?"

"नाही गं. ओढतंय ब्लेड."

"मग टाका ना ते. आता तुम्हाला का मी शिकवायचं?"

त्यांनी आरशात पाहिलं, चेहरा पुसला आणि ते कोरं ब्लेड कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं.