घरची बाटली
खव्याच्या जिलबीचा वास आला की मी अजूनही सावध होते. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या आरोग्य कार्यालयात साहेबांनी एकदा ती स्वतः आणली, तेव्हाच मला शंका आली. वस्तीतली कावीळ आणि पालिकेच्या टाकीचं पाणी यांचा संबंध माझ्या आकड्यांच्या चाचणीत स्पष्ट दिसत होता. अहवाल तसाच गेला असता तर टाकी बंद करावी लागली असती. “आकडे वयाप्रमाणे तोडून पाहा,” साहेब म्हणाले, मग गल्लीप्रमाणे. एकेका गटात दोन-चारच रुग्ण उरले; गट इतके बारीक झाले की कोणतीच चाचणी काही सांगेना. “काहून तोडून राहिलो आपण, सर?” मी विचारलं. “चलो, संबंध नाही निघाला,” म्हणत ते हसले आणि जिलबीवर घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले. कार्यालयाच्या नळाला त्याच टाकीचं पाणी येई. आता कोणी ‘संबंध नाही’ म्हटलं, की मी आकडे नंतर बघते. आधी तो कुठलं पाणी पितो ते बघते.