पोस्टमनच्या हातावरचं दही

लढाई सुरू झाली तेव्हा लेक पाच वर्षांची होती. हे सुट्टीवर आले होते. तार येताच तासाभरात निघाले आणि त्या धांदलीत त्यांच्या हातावर दही घालायचं राहून गेलं. दही घेऊन निघालेला माणूस सुखरूप परत येतो, असं लेकीला मीच कधीतरी सांगितलेलं. खरं तर सकाळच्या शाळेत शिकवताना मुलींपुढे मी असल्या समजुतींची यथेच्छ टिंगल करायची. पण तीन आठवडे पत्र नाही म्हटल्यावर माझं चित्त थाऱ्यावर राहीना. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायचे, रेडिओ लावायचा, बंद करायचा, उगाच गॅलरीत जायचं.

लेकीने मात्र तोड काढली होती. आपली पत्रं बाबांकडे पोस्टमनकाकाच नेऊन देतात, अशी तिची खात्री. रोज दुपारी ती वाटी घेऊन दारात उभी. "हे बाबांचं दही. द्यायचं राहिलंय." हडपसरहून सायकलवर कामाला येणारे ते वयस्कर पोस्टमन निमूट हात पुढे करायचे, दही चाटायचे आणि म्हणायचे, "पोचलं बघ."

एके दिवशी मी भडकलेच. लेकीला आत पाठवलं आणि म्हणाले, "पोरीला खोटी आशा कशाला लावता? आमचं टपाल नसतं तेव्हाही आपण जिना चढता. दही इतकं आवडतं?"

ते चिडले नाहीत. "ताई, माझा धाकटा बी तिकडंच हाय. त्याचंबी पत्र न्हाई. घरी समदी रडत्यात. ही एकलीच म्हनती, पोचतंय. तेवढं ऐकाया येतो."

मला माझीच लाज वाटली. तरी माफी मागायला जीभ काही रेटेना. दुसऱ्या दिवसापासून वाटी मीच भरून ठेवू लागले. सायकलची घंटा वाजली की हातातलं टाकून दाराशी जायची.

आठवड्याने ते धापा टाकत वर आले. हातात यांचं पत्र. अक्षर ओळखून मी ते ओढूनच घेतलं.

"तुमच्या मुलाचं?" मी विचारलं.

"न्हाई अजून."

त्यांच्यादेखत पाकीट फोडायला हात धजेना.

"वाचा की ताई, मोठ्यानं. कुनाचं तरी आलं, एवढं कानावर पडू द्या."

मी उंबऱ्याशी बसून वाचू लागले. तिकडची थंडी, फाटलेले मोजे, लेकीचे पाढे. मधल्या दोन ओळी फक्त माझ्यासाठी होत्या. त्या परक्या माणसासमोर मी त्याही मोठ्याने वाचल्या.