मेसचा खर्चा

मी फुकट शिकलो, असं आमच्या घरात धरून चालतात. मला ते आजही मान्य नाही.

ऐंशीच्या दशकात जालन्यातल्या एका गॅरेजात मी तीन वर्षं काढली. फी नव्हती, पण पगारही नव्हता. माझ्या बरोबरीची पोरं मोंढ्यात पोती उचलून घरी पैसे देत होती. मी ते कमावले नाहीत, तीच माझी फी. शिवाय उस्ताद हातचं राखून शिकवायचा. डिझेलमध्ये पार्ट धुवायला मी चालायचो, पण इंजिनाचं टायमिंग लावायची वेळ आली की त्याला चहाची तल्लफ यायची आणि तो मला हॉटेलात पिटाळायचा. मी हॉटेलवाल्याशी सौदा केला : तुझ्या सायकलचं पंक्चर मी काढीन, चहा तू आणून द्यायचा. तेव्हापासून उस्तादाला ऐन वेळी विड्या लागायला लागल्या. मी विड्यांचं बंडल खिशातच ठेवायला लागलो, तेव्हा तो हसला. म्हणाला, "बैठ, देख ले."

त्या जोरावर राजूरला रस्त्याकडेला माझं स्वतःचं गॅरेज उभं राहिलं. चतुर्थीला गणपतीला येणाऱ्या जीपगाड्यांतली एखादी तरी बंद पडायचीच. मुलगा दहावीपासून माझ्या हाताखाली होता. बारावी झाल्यावर म्हणाला, "अण्णा, मला औरंगाबादला कोर्स करायचाय. नव्या गाड्यांच्या इंजिनात कॉम्प्युटर येऊन राह्यला. तिथं पान्याचं काय काम?"

"फी किती?"

"वर्षाचे पंधरा हजार."

"आन् मंग पगार?"

"सुरुवातीला अडीच हजार."

"म्हंजे सहा महिने नुसती फीच फेडायची. आन् इथं तुझ्या जागी माणूस ठेवायचा, त्याचा पगार कोण धरणार?"

"माझ्या जागेला पगार हाय? मला तर कधी दिसला न्हाई," तो म्हणाला. "तुमचं सगळं फुकटात झालं ना, म्हणून फी टोचती."

आत त्याची आई हसली. मी ताटावरून उठलो.

तरी आठवड्याभरात आम्ही बापलेक त्या संस्थेत गेलोच. कार्यालयातल्या बाईंना मी सरळ सांगितलं, "मॅडम, क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स याला येतं. तेवढं वजा करा. जे येत न्हाई, त्याचेच पैसे घ्या."

"काका, इथं सुटे पार्ट मिळत नाहीत," बाई म्हणाल्या. "अख्खी गाडीच घ्यावी लागते."

रांगेतली पोरं हसली. माझा आवाज चढला. "मंग आत्ता परीक्षा घ्या त्याची. आणा एखादा गिअरबॉक्स."

"अण्णा, बस करा," मुलगा खाली बघत म्हणाला.

फी रुपयानेही कमी झाली नाही, हप्ते तेवढे मिळाले. पण मेस सक्तीची नाही, हे माझ्या ध्यानात आलं. वर्षभराच्या मेसचे पैसे फीच्या निम्म्याहून जास्त होत होते. पोर शिकायला शहरात ठेवायचं तर आई सोबत खोली करून राहते, ही आमच्याकडची रीतच आहे. खोलीचं भाडं स्वस्त, ज्वारी आणि डाळ घरची. तिथंच मेस कापली आणि बायकोला स्टोव्ह, पीठ घेऊन पाठवून दिलं. चांगला सौदा झाला, असं मी दहा जणांना सांगितलं.

मुलाच्या जागी माणूस ठेवला नाही, आणि मी हॉटेलात जेवायला लागलो. वर्षाअखेरीस त्याचे पैसे मेसपेक्षा जास्त गेले. ते मात्र कुणाला सांगितलं नाही. सुरुवातीला ती दोघं चतुर्थीला यायची. मग त्याची प्रॅक्टिकलं सुरू झाली आणि चतुर्थ्या चुकत गेल्या.

तो पास झाला आणि लगेच एका शोरूमच्या वर्कशॉपात लागला. नोकरी काय, राजूरहून येऊन-जाऊन करील किंवा सोडून गॅरेज बघील, असं मी धरलं होतं. खोलीतलं सामान आणायला एक जीप घेऊन गेलो. मुलगा कामावर होता. बायको पोळ्या लाटत होती.

"उरक, सामान भरू," मी म्हणालो.

"त्याची ड्युटी आठला असती. डबा कोण देईल?"

"मेस लावंल तो."

"मेसचा खर्चा?" ती लाटणं न थांबवता म्हणाली. "तुम्हीच म्हणले होते, परवडत न्हाई."

ती टोमणा मारत होती की खरोखर हिशोब करत होती, मला कळलं नाही. शब्द माझेच होते. तिनं चार पोळ्या आणि भाजी बांधून दिली. जीप रिकामी परत आणली. यात माझं काय चुकलं, हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या चतुर्थीला एका जीपचे ब्रेक गेले. चाकातला पार्ट बदलला, आता नळीतली हवा काढायची राहिली. त्या कामाला दोन माणसं लागतात : एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा नट सैल करून हवा सोडायची. ड्रायव्हर दर्शनाच्या रांगेत होता आणि रांग रस्त्यापर्यंत आली होती. नटाला पाना लावून मी गाडीखाली पडून राहिलो, कोणी येऊन वर बसेल म्हणून.