दुसऱ्या मशीनची फाइल

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आणि हसून सोडून दिल्या. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे असलं काही लिहायला संकोच वाटतो... बाबा म्हणतील, याच्यासाठी शिकवलं का तुले? पण जे झालं ते भर दुपारी, दोन सरांसमोर झालं. म्हणून लिहितो आहे.

ठिकाण — भिलाई, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर रूम. चपला बाहेर काढायच्या, आत एसी. खिडकीजवळ एक पीसी, समोरच्या भिंतीला एक वर्कस्टेशन, म्हणजे जरा मोठा कॉम्प्युटर. दोघांचे प्रोसेसर वेगळे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला माझा जोडीदार होता भिलाईतल्याच मरोद्याचा दिवाकर. त्याचे वडील माझ्या बाबांसारखेच स्टील प्लांटमध्ये कामगार, मूळचे भंडाऱ्याकडचे.

प्रोजेक्ट शेअर्ड लायब्ररीचा होता. पुष्कळ प्रोग्रामना लागणारं काम एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं, आणि प्रोग्राम सुरू होताना ती फाइल त्याला जोडायची. ती मेमरीत कुठं बसेल हे आधी कळत नाही. म्हणून तिचा कोड पक्के पत्ते धरून चालत नाही. आपण आत्ता कुठं आहोत हे आधी शोधतो आणि तिथून बाकीचं अंतरानं मोजतो. मला हे लवकर कळेना. दिवाकर म्हणाला, "अबे, आपल्या बाबाइले क्वार्टर बदलून भेटते ना? सेक्टर कोणताही असो, दारातून शिरलं का डाव्या हाताले किचन. तसंच हे."

"मग वर्कस्टेशनवरची फाइल पीसीवर चालन का?"

"पागल झाला का बे! घर बदललं तर चालते. येथी तर बोलीच बदलून राहिली. ह्या प्रोसेसरले त्याचा एक शब्द समजत नाही."

खरंच होतं. दोन्ही मशीन साधा आकडासुद्धा मेमरीत एकमेकांच्या उलट क्रमानं ठेवतात. लायब्ररी प्रत्येक मशीनवर वेगळी कंपाइल करावीच, म्हणजे त्या मशीनच्या बोलीत उतरवावीच, लागते.

लायब्ररी दिवाकरनं लिहिली होती. जोडली गेली की ती पडद्यावर आम्हा दोघांची नावं छापायची, ही त्याचीच हौस. वर्कस्टेशनचं काम झालं होतं, पीसीचं बाकी होतं. आणि परीक्षेच्या महिनाभर आधी, सुपेला चौकात, त्याच्या सायकलला ट्रकनं उडवलं...

तेरवीला काकांनी, म्हणजे दिवाकरच्या वडिलांनी, माझा हात धरला. "बाबू, त्या पुस्तकावर त्याचं नाव राहीन ना?" प्रोजेक्ट रिपोर्टला ते पुस्तक म्हणत. मी म्हटलं, "हो काका, राहीन."

परीक्षेला आता मी एकटाच बसणार होतो. आमचे प्रोजेक्टचे गाइड सर म्हणाले, "दो नाम रहेंगे तो यूनिवर्सिटी से कागज़ वापस आएगा। एक ही रखो।" मी कव्हरवरून दिवाकरचं नाव काढलं. पीसीसाठी लायब्ररी नव्यानं कंपाइल केली, त्याआधी नावं छापणारी ओळही काढली. खरं सांगतो — सरांनी सांगितलं म्हणून काढलं, पण सगळं काम माझं एकट्याचं दिसेल याचं मनातून बरंही वाटलं होतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक पीसीसमोर बसले, गाइड सर शेजारी उभे राहिले. मी फ्लॉपीवरून लायब्ररी कॉपी केली, प्रोग्राम चालवला. बरोबर उत्तर आलं. पण उत्तराच्या वर दोन नावं होती. आधी दिवाकरचं, मग माझं.

परीक्षकांनी रिपोर्टचं कव्हर पाहिलं. "ये दूसरा लड़का कौन है?"

गाइड सर म्हणाले, "कुछ नहीं सर, गलती से छप गया।"

"अच्छा? फिर से चलाओ।"

मी पुन्हा तीच कमांड दिली. आता एरर आला — लायब्ररी या प्रोसेसरसाठी नाही.

तेव्हा मी फ्लॉपी काढून पाहिली. घाईत मी वर्कस्टेशनची फ्लॉपी आणली होती. दोन्हींवर फाइलचं नाव एकच. म्हणजे पीसीत गेली होती ती दुसऱ्या प्रोसेसरची, दिवाकरनं कंपाइल केलेली फाइल. पीसीवर तिची एकही ओळ चालायला नको होती.

गाइड सरांकडे न बघता मी बोललो, "सर, गलती से नहीं छपा। लायब्ररी दिवाकर ने लिखी है। वो अब नहीं है। नाम मैंने निकाला।"

परीक्षकांनी खिशातला पेन माझ्यापुढे ठेवला. रिपोर्टच्या तिन्ही प्रतींवर मी दिवाकरचं नाव लिहिलं, त्यांनी शेजारी सही केली. मग बरोबर फ्लॉपी आणून काम दाखवलं. पास झालो.

नंतर मी सगळं तपासलं. माझी नवीन लायब्ररी तिथं आधीपासून पडली असेल म्हणावं, तर तिच्यात नावांची ओळच नव्हती. पीसीसाठी बनलेली, नावं असलेली लायब्ररी कधी अस्तित्वातच नव्हती. वर्कस्टेशनची फाइल त्या पीसीवर मी पुढं कितीतरी वेळा चालवून पाहिली. दर वेळी तोच एरर. त्या दिवसाचा विषय काढला की गाइड सर उठून जातात.

एक प्रत घेऊन मी मरोद्याला गेलो. काकांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "त्याचं नाव कोणतं हाय?" मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून आपलं ठेवलं.

"पोराचं काम चाललं ना, बाबू? मशीनवर?"

मी "हो काका" म्हणालो. कोणत्या मशीनवर, ते त्यांनी विचारलं नाही... विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.