काहूनबाईंची कॉफी

आमच्या कंपनीत मालकांनाही नावाने हाक मारायची पद्धत होती. अपवाद एकच, बाई. मालकसुद्धा त्यांना बाईच म्हणत. मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात वीस-बावीस वर्षं काढून बोलणं इथल्यासारखं झालेलं, पण शंका आली की तोंडून ‘का’ न येता ‘काहून’ यायचं. आणि शंका त्यांना सकाळपासून यायची. लिफ्ट बोलावल्याबरोबर आली, काहून? चहा आज वेळेवर, काहून? पाठीमागे सगळे त्यांना काहूनबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्यांदा कोण म्हणालं, तेही त्यांनी शोधून काढलं होतं.

त्यांचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्याने महिनाभर खपून केलेलं काम बाई दहा मिनिटांत मोडून दाखवत. कंपनी नव्वदच्या दशकात एका भाड्याच्या बंगल्यात सुरू झाली, तेव्हापासून त्या होत्या. मी नंतर त्यांच्या हाताखाली लागले. यादी कशी करावी हे मला बाईंनी शिकवलं. रकाने चार: काय, कधी, कारण, आणि कोणी पाहिलं. चौथ्या रकान्यावर त्यांचा फार जोर. “ऐकलेलं लिहायचं नाही. पाहिलेलं लिहायचं, आणि पाहणाऱ्याचं नाव लिहायचं.” आजही मी घरातल्या वाणसामानाची यादी करते तेव्हा चौथा रकाना आखते. घरचे हसतात. मी आखते.

पुढे कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. आम्ही बंगल्यातून काचेच्या इमारतीत आलो आणि तपासणीचं बरंचसं काम आता प्रोग्रॅमच करतील असं ठरलं. कमी करायच्या लोकांची यादी झाली. ती मी केली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते सगळं त्यातूनच झालं. नवीन मॅनेजरने नावं सांगितली, कारणं सांगितली, मी टाइप केली. बाईंच्या नावापुढे लिहिलं, ‘कामाला उशीर लावतात.’ नव्या फॉर्ममध्ये चौथा रकाना बसत नव्हता, तो मी काढून टाकला. यादी कोणी केली हे बाईंना माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

निरोपाला त्यांना कॉफीचं मशीन मिळालं. एका वेळी एकच कप करणारं, कॉफीची पूड भरलेली बंद कुपी आत घालायची, बटण दाबायचं. बाईंनी खोकं चारही बाजूंनी वाचलं आणि मला हळूच विचारलं, “एवढं महाग काहून?” मी म्हटलं, तुमच्या इतक्या वर्षांच्या कामाबद्दल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खोकं पुन्हा एकदा खालच्या बाजूने वाचलं.

रविवारी मशीन लावून द्यायला मी विश्रांतवाडीला त्यांच्या फ्लॅटवर गेले. पहिला कप कोमट, पाणचट आणि वर कडू. मी म्हटलं, बरी आहे. “बरी आहे? मग माझीपण पी,” म्हणून त्यांनी आपला कप माझ्यापुढे सरकवला आणि कपाटातून वही काढली. त्या दिवसापासून त्या मशीनची चौकशी सुरू झाली, आणि मी दर रविवारी हजर राहू लागले. कशासाठी, ते मी स्वतःलाही नीट सांगत नव्हते.

बाईंचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कळत नाही. पहिला संशय मोठ्या बटणावर. त्यात पूड तेवढीच, पाणी दुप्पट. शेवटचं पाणी पुडीतला नुसता कडूपणा घेऊन येतं. म्हणून लहान बटणच दाबायचं, जास्त हवी तर गरम पाणी वरून वेगळं घालायचं. मग संशय कपावर. जाड कप निम्मी ऊब स्वतःच पिऊन टाकतो. तेव्हा कुपी न घालता एकदा नुसतं पाणी सोडायचं. कपही तापतो, मशीनही तापतं, आणि कालची उरलेली कॉफी आत लपून बसली असेल तर बाहेर येते. ‘लपून बसली’ हा शब्द बाईंचा.

दूध फ्रिजमधलं चालायचं नाही. वेगळ्या पातेलीत तापवून, उकळी फुटायच्या आत उतरवायचं. कुप्या गॅसच्या वरच्या कपाटात होत्या, त्या साड्यांच्या कपाटात गेल्या, आधी डांबरगोळ्या काढून. मशीनच्या आत पाण्याचा क्षार साठतो असं माहितीपत्रकात होतं, म्हणून मंडईजवळच्या दुकानातून मी लिंबूसत्त्व आणलं. बाईंनी आधी चिमूटभर जिभेवर ठेवलं. ते पाण्यात विरघळवून मशीनमधून सोडलं, मग तीनदा साधं पाणी. चव घ्यायची ती स्टीलच्या सारख्या पेल्यांतून, पेल्यांच्या बुडाला आकड्यांच्या चिठ्ठ्या, आणि भरणाऱ्याने पाठ करून उभं राहायचं. “चेहरा वाचता येतो,” त्या म्हणायच्या. ते वाक्य आलं की मी मान खाली घालून पेल्यांच्या चिठ्ठ्या बघायचे.

कारण मधूनच त्या ऑफिसचं काढत. नवा मॅनेजर मराठी वाचतो का? हल्ली कागदपत्रं कोण करतं? मी म्हणायचे, सगळं वरूनच येतं. त्या “अस्सं” म्हणायच्या आणि कॉफीवरचा फेस चमच्याने बाजूला करून खाली काय आहे ते बघायच्या. मला वाटू लागलं की कॉफी हे निमित्त आहे, चौकशी माझी चालली आहे. एकदा त्या आत गेल्या असताना मी वही उघडून पाहिली. त्यात फक्त कॉफी होती. त्यामुळे माझा संशय जास्तच वाढला.

कॉफी मात्र खरोखर चांगली होत गेली. तोवर बाईंनी यवतमाळला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं होतं. जायची तारीख ठरली, आणि यादीचं त्यांना सांगायचं की नाही, हे मला त्याआधी ठरवायचं होतं. सांगायच्या वाक्यांचीही मी यादी केली होती. ती पर्समध्येच राहत होती.

शेवटच्या रविवारी एकच संशयित उरला होता, पाणी. उन्हाळ्यामुळे सोसायटीत टँकर येत होते. एक पेला टँकरच्या पाण्याचा, एक फिल्टरच्या पाण्याचा. बाईंनी दोन्ही करून ठेवले, मला निकाल लिहायला सांगितला आणि फोन वाजला म्हणून आत गेल्या. मी लिहिलं, ‘टँकर: चव मचूळ. फिल्टर: उत्तम.’ त्या बाहेर आल्या, वही वाचली, मग पेल्यांकडे पाहिलं. दोन्ही काठोकाठ भरलेले.

“प्यायलीस केव्हा?”

मी म्हटलं, बाई, टँकरचं पाणी आहे, त्यात काय बघायचं.

“केव्हा प्यायलीस ते विचारून राहिले मी.”

मी दोन्ही प्यायले, मग बाईंनी कोणता कुठला ते सांगितलं. फिल्टरच्या पाण्याची कॉफी सपक होती. टँकरच्या पाण्याची जास्त चांगली लागत होती. मी तसं सांगितलं.

“मग ते खोड.”

मी खोडलं. पेन हातातच होतं. म्हटलं, “बाई, ती कमी करायच्या लोकांची यादी मी केली होती.”

त्यांनी भिंतीवरचं मशीनचं बटण बंद केलं. मग विचारलं, “माझ्यापुढे काय लिहिलंस?”

“कामाला उशीर लावतात.”

“तू पाहिलं होतंस?”

“नाही. सांगितलं तसं लिहिलं.”

दोन्ही पेले त्यांनी मोरीत नेले, विसळले, पालथे घातले. मग माझ्याकडे न बघता बोलल्या. “नोकरी जायचीच होती, मेधा. त्याचं मला नाही काही. पण ते वाक्य माझ्या नावापुढे राहील, आणि ते कोणी पाहिलं हे कुठेच नसेल. तेही तुझ्या हातचं.”

दर रविवारी त्या फाटकापर्यंत यायच्या. त्या दिवशी दार लावून घेतलं. चार दिवसांनी त्यांचं सामान गेलं, मला शेजाऱ्यांकडून कळलं.

मी जुन्या नोंदी काढल्या. ‘दोष आहे’ म्हणून बाईंनी काम अडवल्याच्या एकूण सतरा सापडल्या. ऑफिस सुटल्यावर बसून एकेका नोंदीतलं सॉफ्टवेअर स्वतः चालवून पाहिलं, सगळं मिळून दोन महिने गेले. सोळा वेळा दोष खरा होता. त्यातले दोन तर असे, की ग्राहकाची सगळी बिलं चुकली असती. सतराव्या नोंदीचं मला नीट कळेना, तिथे मी ‘अनिश्चित’ लिहिलं. चौथ्या रकान्यात सतराही ओळींत माझं नाव. मॅनेजर म्हणाला, “मॅडम, फाइल क्लोज झालीय, सोडून द्या ना.” मी तीन वेळा गेले. तिसऱ्यांदा त्याने बाईंच्या फाइलमध्ये तो कागद लावून घेतला. एक प्रत मी यवतमाळला पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहिणार?

दहा दिवसांनी फोनवर मेसेज आला. ‘सतरावी अर्धवट आहे. पूर्ण कर.’

मी पूर्ण केली. त्या वेळी दोष कुठेच नव्हता. बाईंनीच तपासणीसाठी चुकीची माहिती भरली होती आणि सगळ्यांचं काम दोन दिवस थांबवलं होतं. हे लिहिलं तर मॅनेजरचं ते वाक्य एका ओळीपुरतं खरं ठरत होतं. दोन दिवस कागद टेबलावर तसाच पडून होता. मग मी होतं तसं लिहिलं, फाइलमध्ये लावलं आणि त्यांनाही पाठवलं.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं.

‘बरोबर. सतरावी माझी चूक, मला तेव्हाच समजली होती. बाकीच्या सोळा आता मी खऱ्या धरते.’